मदत हवी आहे: पहिलेच क्रेडिट कार्ड, तेही प्रवासासाठी, निवडताना काय पाहावे?

नमस्कार मंडळी,

आजवर माझे सगळे व्यवहार डेबिट कार्डाने आणि रोखीने होत आले. आता कामानिमित्त वरचेवर परदेशी जावे लागणार आहे आणि हॉटेल किंवा भाड्याची गाडी घेताना क्रेडिट कार्ड नसले की अडते, असे अनुभवी सहकारी सांगतात. कार्ड घ्यायचे हे ठरले आहे. कोणते घ्यावे आणि कसे वापरावे, याबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे. विशिष्ट बँकांची नावे सुचवू नयेत ही विनंती, कारण योजना सतत बदलतात आणि देशोदेशी निराळ्या असतात. मला निवडीचे निकष समजून घ्यायचे आहेत. आतापर्यंत जे वाचले आणि ताडून पाहिले ते खाली मांडते. जिथे समजण्यात चूक होत असेल तिथे दुरुस्त करावे.

सुरुवात परतफेडीपासून करते, कारण व्याजाचा हिशेब मांडून पाहिल्यावर बाकीच्या सवलती मला दुय्यम वाटू लागल्या. समजा थकबाकी १०,००० आहे, व्याज महिना ३ टक्के आहे आणि किमान देय रक्कम ५ टक्के आहे. मी ५०० भरले तर त्यातले ३०० व्याजातच जातात आणि मुद्दल फक्त २०० ने कमी होते. महिना ३ टक्के हा दर किरकोळ वाटतो, पण चक्रवाढीने तोच वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातो. शिवाय बिल पूर्ण भरले नाही, तर बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीलाही व्याजमुक्त मुदत मिळत नाही आणि व्याज खरेदीच्या दिवसापासून लागू होते. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लबचे कार्ड निघाले, तेव्हा महिन्याचे बिल पूर्ण फेडावेच लागत असे. थकबाकी पुढे ओढण्याची सोय १९५८ साली बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियात आणलेल्या आणि पुढे व्हिसा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कार्डामुळे सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली. मला कार्ड त्या जुन्या पद्धतीनेच वापरायचे आहे, म्हणजे दर महिन्याला संपूर्ण बिल फेडायचे आणि त्यासाठी बचत खात्यातून आपोआप रक्कम वळती होण्याची सूचना आधीच देऊन ठेवायची. या सूचनेत ‘किमान देय रक्कम’ आणि ‘संपूर्ण देय रक्कम’ असे दोन पर्याय असतात, त्यांतला दुसरा निवडला आहे ना, हे स्वतः तपासून घ्यावे एवढे मला समजले आहे. प्रवासात असताना देय तारीख उलटून जाण्याची भीती त्यामुळे उरणार नाही, असे वाटते.

व्याजमुक्त मुदतीबद्दल माझी समजूत अशी आहे: बिल दर महिन्याच्या ५ तारखेला निघत असेल आणि देय तारीख २५ असेल, तर ६ तारखेला काढलेल्या तिकिटाचे पैसे भरायला सुमारे ५० दिवस मिळतात, पण तेच तिकीट ४ तारखेला काढले तर जेमतेम तीन आठवडे मिळतात. कार्यालयाकडून प्रवासखर्च परत मिळायला वेळ लागतो, म्हणून माझ्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. बिलाची तारीख आपल्या सोयीने बदलून घेता येते का?

आता मुख्य प्रश्नाकडे येते. माझ्यासमोर दोन प्रकारची कार्डे आहेत. एक साधे आहे: वार्षिक शुल्क नाही, परकीय चलनातल्या खर्चावर मार्कअप (चलन बदलताना बँक लावते तो जादा आकार) नाही आणि पॉइंटही नाहीत. दुसरे खास प्रवासासाठीचे म्हणून सांगितले जाते: विमानतळावर लाउंज, प्रवास विमा, पॉइंट, पण वार्षिक शुल्क ५,००० आणि परकीय चलनावर ३.५ टक्के मार्कअप. वर्षात परदेशी खर्च २ लाख होईल असे धरले, तर मार्कअपचेच ७,००० होतात. दर १०० च्या खर्चावर २ पॉइंट आणि एका पॉइंटचे मोल ०.२५, असे असेल तर परत मिळतात १,०००. शुल्क धरून निव्वळ भुर्दंड ११,००० चा. लाउंजच्या मोजक्या भेटींसाठी एवढी रक्कम मोजणे मला पटत नाही. त्यातही काही कार्डांवर आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च झाला असेल तरच लाउंज मिळते, आणि विम्यासाठी बहुधा तिकीट त्याच कार्डावर काढलेले असावे लागते. माझा कल साध्या कार्डाकडे आहे. पण विमानप्रवास वारंवार करणाऱ्यांचा अनुभव वेगळा असेल, पॉइंट एअरलाइनच्या मैलांमध्ये (तिकिटासाठी वापरता येणाऱ्या गुणांमध्ये) बदलून त्यांना खरोखर अधिक मोल मिळाले असेल, तर तो हिशेब आकड्यांसह समजून घ्यायला आवडेल.

परदेशातल्या दुकानात कार्ड मशीनला लावले की कधीकधी पडद्यावर दोन रकमा दिसतात, एक तिथल्या चलनात आणि एक आपल्या चलनात. आपल्या चलनातला आकडा ओळखीचा असल्याने बोट साहजिकच तिकडे वळते. पण तो दर दुकानदाराची बँक किंवा तिची सेवा देणारी कंपनी ठरवते आणि तिचा नफा त्यातच मिसळलेला असतो. त्यामुळे नेहमी स्थानिक चलनच निवडावे, हे मला पटले आहे. एटीएमवर आणि हॉटेलच्या संकेतस्थळांवरही हाच पर्याय पुढे येतो. इथे अडचण अशी की काही ठिकाणी विक्रेता स्वतःच बटण दाबून मशीन आपल्याकडे देतो. अशा वेळी पिन न टाकता व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगणे योग्य ठरेल ना? पावतीवर आपल्या चलनातली रक्कम दिसल्यावर लगेच हरकत घेतली, तर विक्रेते ती मान्य करतात का?

सर्वांत जास्त काळजी मला अनामत रकमेची वाटते. नवख्या ग्राहकाला पतमर्यादा कमीच मिळते. ती १ लाख आहे, हॉटेलने ३०,००० आणि गाडी भाड्याने देणाऱ्याने ४०,००० अडकवून ठेवले असे समजा. मग एक पैसाही खर्च न होता माझ्या हाती फक्त ३०,००० उरतात. एका सहकाऱ्याने डेबिट कार्ड दिले होते, तेव्हा त्याच्या खात्यातले स्वतःचे पैसेच अडकले आणि ते मोकळे व्हायला काही आठवडे गेले. हॉटेल सोडताना बिल दुसऱ्या कार्डाने भरले तर पहिल्या कार्डावरची अडकलेली रक्कम मुदत संपेपर्यंत तशीच राहू शकते, असेही वाचले. मग ज्या कार्डावर अनामत धरली त्यावरच बिल चुकते करावे, हे बरोबर आहे का? प्रवासाआधी मर्यादा तात्पुरती वाढवून मागावी, की खर्च होण्यापूर्वीच कार्डात थोडी रक्कम भरून ठेवावी? पत चांगली राहावी म्हणून मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत वापर ठेवावा असा सल्ला सर्रास दिला जातो. अडकलेली अनामत त्या वापरात धरली जाते का, याचा खुलासा कुणी केला तर फार मदत होईल.

क्रेडिट कार्डाने रोख काढायची नाही, हे मात्र पक्के आहे, कारण शुल्क लागतेच आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू होते. रोख रकमेसाठी डेबिट कार्ड सोबत असेल आणि ते क्रेडिट कार्डापासून वेगळ्या जागी ठेवेन. आंतरराष्ट्रीय व्यवहारांची सोय ॲपमधून प्रवासापुरती चालू करून परतल्यावर बंद करायची, असाही विचार आहे. ओटीपीची अडचण मात्र सुटलेली नाही: परदेशात आपले सिम चालले नाही, तर ऑनलाइन आरक्षणाच्या वेळी येणारा ओटीपी मिळणार कसा? त्यासाठी रोमिंग चालू ठेवणे हाच उपाय आहे, की ॲपमधूनच मंजुरी देण्याची सोय असलेले कार्ड निवडावे? दुसऱ्या नेटवर्कचे (म्हणजे व्हिसासारख्या दुसऱ्या कार्ड कंपनीचे) आणखी एक कार्ड जवळ असावे असेही काही जण सुचवतात, परंतु एकाच वेळी दोन अर्ज केल्याने माझ्या कोऱ्या पतइतिहासावर विपरीत परिणाम होईल की काय, अशी शंका वाटते.

अर्ज येत्या आठवड्यात भरायचा आहे. त्यामुळे साधे कार्ड की प्रवासी कार्ड या प्रश्नावर आधी मत दिलेत तर उपकार होतील. अनामत आणि ओटीपीबद्दलची उत्तरे सवडीने दिली तरी चालतील.