आईला बीपीची दोन औषधं एकत्र दिली आहेत, काळजी करू का?

पंचवटीकर:
आई ६४ वर्षांची. चार वर्षं अ‍ॅम्लोडिपिन ५ची एकच गोळी चालू होती. परवा रामकुंडावरून चालत आली, तर पायावर चपलेच्या पट्ट्याचा खोल वळ. बोटानं दाबलं की खळगा तसाच राहत होता. बीपी १५८/९६. डॉक्टरांनी गोळी दुप्पट न करता टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ एकत्र असलेली गोळी दिली. शेजारच्या काकू म्हणाल्या, दोन औषधं म्हणजे दुखणं हाताबाहेर गेलं. तेव्हापासून आई गोळी हातात घेऊन नुसती बसते. तिला कसं समजावू?

मेडिकलवाला, इंदिरानगर:
ताई, बीपीच्या कितीतरी पेशंटना दोन औषधं लागतात, घाबरू नका. अ‍ॅम्लोडिपिननं धमन्या सैल होतात, पण शिरा तेवढ्या होत नाहीत, म्हणून पाणी झिरपून घोट्यात उतरतं. डोस वाढवला की सूज वाढते, बीपी मात्र थोडंच उतरतं. टेल्मिसार्टननं शिराही सैल होतात, त्यामुळे सूजही बऱ्याचदा कमी होते. दोन-चार आठवड्यांनी रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालतंय का ते यावरून कळतं) तपासायचं का, ते डॉक्टरांना विचारा.
एक काम आजच करा. घरातली जुनी अ‍ॅम्लोडिपिनची पट्टी बाजूला काढा. नवीन गोळीत ती आहेच, पण पेशंट दोन्ही घेत राहतात, हे मी काउंटरवर नेहमी बघतो. आणि दुसऱ्या कुणा डॉक्टरांनी रॅमिप्रिल हे बीपीचंच औषध लिहून दिलं, तर ही गोळी आधी दाखवा. २००८च्या ऑनटार्गेट चाचणीत रॅमिप्रिल आणि टेल्मिसार्टन एकत्र देऊन जास्त फायदा झाला नाही, मूत्रपिंडाचा त्रास मात्र वाढला.

द्राक्षवाला, ओझर:
दुखण्याच्या गोळ्यांचंही बघा. वडिलांना टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन (लघवी वाढवून बीपी उतरवणारं औषध) चालू होतं. छाटणीच्या दिवसांत गुडघे धरले म्हणून आठवडाभर डायक्लोफिनॅक घेतलं, कुणाला विचारलं नाही. बीपी चढलं, क्रिएटिनिन १.१ वरून १.९ वर गेलं. डायक्लोफिनॅक बंद केल्यावर उतरलं, पण ते पंधरा दिवस आम्ही कसे काढले, आमचं आम्हाला माहीत.

पंचवटीकर:
मेडिकलवाले दादा, आत्ताच आईचा डबा उघडला. जुनी पट्टी होतीच, नवीन पट्टीला रबर लावून एकत्र ठेवलेली. काढून माझ्या पर्समध्ये टाकली. घोट्याचं तिला तुमच्याच शब्दांत सांगितलं. पाय बघत थोडा वेळ गप्प बसली, मग स्वतःच पाणी मागितलं.