गो-कार्ट उचलून धरली की पळते, टेकवली की मरते

मामाची_गाडी
मंडळी, मी वेल्डिंगवाला माणूस. चॅसी, स्टिअरिंग, ब्रेक सगळं स्वतः केलंय, त्यावर कुणी बोट ठेवायचं नाही. वायरी मात्र माझा प्रांत नव्हे.

भाचीसाठी छोटी कार्ट केलीय. 1000 वॉटची ब्रशलेस मोटर, मोटरला वीज सोडणारा 48 व्होल्टचा कंट्रोलर, 12 व्होल्टच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्या सीरिजमध्ये. मागची चाकं उचलून थ्रॉटल दाबला तर भिंगरीसारखी फिरतात. खाली टेकवली, भाची बसली, की दहा-पंधरा मीटर जाते आणि गपकन बंद. डिस्प्लेवरचा व्होल्टेज धाडकन पडतो. पाय उचलून पुन्हा दाबला की चालते, पुन्हा बंद. भाचीने गाडीचं नाव 'उचकी' ठेवलंय.

थ्रॉटल बदलून झाला, फरक शून्य. बॅटऱ्या रात्रभर चार्ज केल्या, चारी मिळून 51.2 दाखवतात. फ्यूज होल्डरसकट मीटरवर तपासला, वाट जोडलेली असल्याचा बीप छान वाजतो. आता जो तो म्हणतो बॅटऱ्या बदल. बदलू का?

अर्धा_ओम
बदला. 51.2 हा गाडी उभी असतानाचा आकडा, त्यावर जाऊ नका. म्हातारी बॅटरी नुसती बसलेली असताना 12.8 दाखवते आणि करंट मागितला की 9 वर येते. अशा दोन जरी निघाल्या तरी बेरीज 42 च्या आसपास घसरते आणि कंट्रोलर बॅटरी वाचवायला मोटर सोडतो. आणि चारही एकदम बदला, तीन जुन्यांत एक नवी घालू नका.

तारतम्य
मामा, थांबा. अर्धा_ओम म्हणतात ते शक्य आहे, पण मोजल्याशिवाय चार बॅटऱ्या फेकू नका. थ्रॉटलही तुम्ही उगाच बदललात. चाकं उचलल्यावर गाडी नीट पळते म्हणजे थ्रॉटल, ब्रेकचा स्विच, मोटरचे हॉल सेन्सर (मोटर कुठवर फिरली ते कंट्रोलरला सांगणारे) यांचं बहुधा बरं चाललंय. जे बिघडतं ते लोड आल्यावर. मग मोजायचंही लोडवरच.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. लाल वायर व्होल्टच्या भोकात आहे ना, दोनदा बघा. अँपिअरच्या भोकात राहिली तर सरळ शॉर्ट. क्रोकोडाइल क्लिप लावून मीटर चॅसीला टेपने बांधा, समोर मोबाइल रेकॉर्डिंगला लावा आणि भाचीला पळवू द्या. आधी एकेका बॅटरीवर एक फेरी, मग कंट्रोलरच्या तोंडाशी एक. काम करताना पाना टर्मिनलवर आडवा पडू देऊ नका. त्यातून होणारं वेल्डिंग तुम्हाला नको असेल.

मामाची_गाडी
पाच फेऱ्या झाल्या, ड्रायव्हर खूश. गाडी मरायच्या क्षणाचे आकडे: बॅटऱ्या 12.1, 12.0, 12.1, 11.9. कंट्रोलरपाशी 41.3.

तारतम्य
बॅटऱ्यांची बेरीज करा: 48.1. कंट्रोलरला मिळतात 41.3. मधले 6.8 व्होल्ट वाटेतच कुणीतरी खातंय. कंट्रोलरची करंटची मर्यादा किती? 30 अँपिअर असेल तर दोनशे वॉट उष्णता कुठेतरी एका जागी निघतेय. एक फेरी मारून लगेच प्रत्येक जोडाजवळ हात न्या. जवळ न्या, पकडू नका. मग संशयित जोडाच्या दोन्ही बाजूंना मीटर लावून पुन्हा पळवा. चांगल्या जोडावर व्होल्टचा छोटासा अंश दिसतो, तेवढाच.

मामाची_गाडी
30 च आहे. फ्यूज होल्डर! त्याच्यावरच 6.1. प्लास्टिक आतून तपकिरी झालंय. पण मग बीप कसा वाजत होता?

तारतम्य
बीपवर कुणी विसंबू नये हो. बरेच मीटर कित्येक ओम मध्ये असले तरी आनंदाने वाजतात. तुमच्या होल्डरमध्ये जेमतेम 0.2 ओम आहे, तेवढा तर मीटरच्या वायरींचाच असतो. 30 अँपिअर वाहिले की मात्र तोच सहा व्होल्ट गिळतो. एक सांगा, गाडी बंद कशी करता?

मामाची_गाडी
मेन स्विच बसवायचा राहिलाय. रोज रात्री फ्यूज काढतो, सकाळी लावतो. लावताना चट् करून ठिणगी उडते. मला वाटलं करंट येतोय म्हणजे चांगलंच आहे.

अर्धा_ओम
सापडलं! माझं बॅटरीचं निदान मागे घेतो. कंट्रोलरमधले वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे असतात, फ्यूज लावला की एका झटक्यात भरतात, त्याचीच ती ठिणगी. रोज ठिणगी म्हणजे होल्डरच्या पत्र्यावर रोज एक खड्डा. खड्ड्याने स्पर्श कमी, स्पर्श कमी म्हणून ताप, तापाने स्प्रिंग ढिली.

तारतम्य
फ्यूज काढून टाकू नका बरं, जागा बदला. बोल्टने आवळायचा स्ट्रिप फ्यूज बॅटरीच्या प्लसजवळ घ्या, आणि डीसीसाठीचा मेन स्विच वेगळा. पुश बटण आणि 100 ओम, 5 वॉटचा रेझिस्टर एकमेकांशी सीरिजमध्ये जोडा आणि ती जोडी स्विचला समांतर लावा. आधी बटण सेकंदभर दाबायचं म्हणजे कपॅसिटर सावकाश भरतात, मग स्विच. लगांचं (वायरीच्या टोकाच्या कड्यांचं) क्रिंपिंग, म्हणजे दाबून आवळणं, चांगल्या पकडीने करा, हातोड्याने नको.

मामाची_गाडी
हातोड्याचं कसं कळलं तुम्हाला? असो. सगळं बसवलं. लोडवर कंट्रोलरपाशी 47.6, ठिणगी नाही, भाची सलग वीस मिनिटं फिरली. आता चेन उतरतेय. ती माझ्या प्रांतातली आहे, विचारणार नाही.