‘मातृभाषा दाराबाहेर काढून ठेवा’ – या म्हणण्याला माझा ठाम विरोध

रेघोटी (धागाकर्ती)

परवा सडेतोड_मास्तरांनी लिहिलं की निर्वासितांच्या इंग्रजीच्या वर्गावर ‘इथे फक्त इंग्रजी’ अशी पाटी हवी. मातृभाषा चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवायची, मग माणूस सहा महिन्यांत बोलायला लागतो. खाली सहमत-सहमतची रांग लागली. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही म्हणून वेगळा धागा काढतेय.

अकरा वर्षं मी हेच काम करते. सीरियाहून आलेला एक बारा वर्षांचा मुलगा आमच्याकडे आला. गणिताच्या चाचणीत एकही उत्तर बरोबर नाही, म्हणून त्याला सगळ्यात खालच्या गटात बसवलं होतं. मी त्याचा पेपर मागून घेतला. एका उत्तराच्या जागी उभी काडी, मग टिंब, मग गोल. तपासणाऱ्यानं ते ‘एक दशांश चिन्ह शून्य’ असं वाचून फुली मारली होती. अरबी आकड्यांत टिंब म्हणजे शून्य आणि गोल म्हणजे पाच. पोरानं १०५ लिहिलं होतं, आणि उत्तर १०५ हेच होतं. पुढच्या उत्तरातला त्याचा सहा तर हुबेहूब इंग्रजी सातासारखा दिसत होता. आपला देवनागरी १ इंग्रजीवाल्यांना नऊ वाटतो, हे ज्यानं अनुभवलंय त्याला मी काय म्हणते ते लगेच कळेल.

मी त्याच्या मोठ्या बहिणीला बसवून एक तक्ता केला, डावीकडे त्यांचे आकडे, उजवीकडे इंग्रजी. दहा मिनिटांचं काम. तो तक्ता दाराबाहेर ठेवला असता तर ते पोर वर्षभर ‘ढ’ म्हणून बसलं असतं.

आणि सहा महिन्यांचं म्हणाल तर भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ सालीच बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांतला फरक मांडून ठेवलाय. मैदानावरचं इंग्रजी साधारण दोन वर्षांत येतं, पण पाठ्यपुस्तकातलं कळून त्यावर स्वतःचं चार ओळी लिहिता यायला पाच ते सात वर्षं लागतात. मूल फाडफाड बोलतंय म्हणून त्याची मदत काढून घेतात आणि दोन वर्षांनी तेच मूल विज्ञानात नापास होतं. हे मी दर वर्षी बघते.

सडेतोड_मास्तर

माझं नाव घेऊन धागा काढलात, तर उत्तर देणं आलंच.

ताई, तुमची शाळा दिवसभराची. माझा वर्ग मोठ्या माणसांचा, आठवड्यातून दोन संध्याकाळी दीड-दीड तास. चौदा जण, सहा भाषा. सहा अरबीवाले, चार दारी ही अफगाणिस्तानातली भाषा बोलणारे, आणि बाकी एकेकटे: एक तिग्रिन्या बोलणारा एरिट्रियाचा, एक सोमाली, एक युक्रेनियन, एक म्यानमारकडची कारेन बोलणारी. मला या सहापैकी एकही भाषा येत नाही. मी कोणाच्या मातृभाषेचा आधार घेऊ?

पाटी मी काही पुस्तक वाचून लावलेली नाही. एरिट्रियाचा तो माणूस कोपऱ्यात बसायचा. अरबीवाले आपसांत काहीतरी बोलून हसले की हा मान खाली घालायचा. एक दिवस तास संपल्यावर थांबला आणि तुटक इंग्रजीत म्हणाला, ‘सर, त्यांच्याकडे दोन भाषा आहेत. माझ्याकडे इथे फक्त इंग्रजी आहे. तेही ते बोलत नाहीत.’ दुसऱ्या दिवशी मी पाटी लावली. तुमच्या मातृभाषेच्या वर्गात या माणसाची जागा कुठे, तेवढं सांगा.

मधला_बाक

मास्तरांशी शंभर टक्के सहमत. मी मराठी माध्यमातला. कॉलेजात पहिल्या दिवसापासून सगळं इंग्रजीत. चार महिने काही कळलं नाही, मग कळायला लागलं. पाण्यात ढकलल्याशिवाय पोहता येत नाही. ही सगळी लाडं करून आपण या लोकांचं नुकसान करतोय.

रेघोटी

मधला_बाक, ही उपमा कृपा करून परत वापरू नका. माझ्या वर्गात रबरी होडीतून समुद्र ओलांडून आलेली मुलं आहेत. एकाचा भाऊ त्याच समुद्रात राहिला.

आणि तुमची तुलनाच चूक आहे. कॉलेजात गेलात तेव्हा तुम्हाला बारा वर्षांचं गणित, विज्ञान, इतिहास मराठीत येत होतं. तुम्ही जुन्या कल्पनांवर फक्त नवे शब्द चिकटवले, म्हणून चार महिन्यांत जमलं. म्हणजे तुम्ही तरलात ते मराठीच्याच जोरावर. संध्याकाळी जायला घर होतं ते वेगळंच.

मधला_बाक

उपमा चुकली, मान्य. मागे घेतो. बाकीचं मान्य नाही. मला कोणी तक्ता करून दिला नव्हता.

खडूची_भुकटी

तुम्ही दोघंही एक गोष्ट गृहीत धरून भांडताय, आणि याचा मला फार जुना राग आहे. तुम्हाला वाटतं की समोर बसलेल्याला स्वतःच्या भाषेत लिहिता-वाचता येतं. ज्यांनी आयुष्यात पेन्सिल धरलेली नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी ना पुस्तक, ना चाचणी, ना प्रशिक्षण.

माझ्या वर्गात चाळिशीची एक सोमाली बाई होती. पहिल्या दिवशी पेन्सिल मुठीत धरली, आपण मुसळ धरतो तशी. कागद हलू नये म्हणून दुसऱ्या हाताने दाबायचा असतो, हे तिला ठाऊक नव्हतं. रेघेवर लिहायचं म्हणजे रेघेच्या वर, हे कळायला दोन आठवडे गेले. तिच्यासमोर बाकीचे ‘सिंपल पास्ट’ सोडवत होते. ती पदराच्या टोकाने घाम पुसायची आणि माझ्याकडे बघून हसायची. ते हसणं मला आजही सहन होत नाही.

मग एका सोमाली मुलीने सुचवलं की तिला आधी सोमाली वाचायला शिकवू. १९७२ पासून सोमाली अधिकृतपणे रोमन लिपीतच लिहितात. ‘सी’, ‘एक्स’ अशा काही अक्षरांचे उच्चार वेगळे, पण बाकीची बरीचशी अक्षरं कामाची. आणि मुख्य म्हणजे त्यांच्यात इंग्रजी स्पेलिंगचा गोंधळ नाही, जसं बोलतात तसं लिहितात. अक्षर म्हणजे आवाज, हे तिला तिच्याच शब्दांवर कळलं. पहिला शब्द ‘होयो’ वाचला, म्हणजे आई. त्यानंतर इंग्रजी अक्षरं आली ती भराभर. मास्तर, हे तुमच्या वर्गात झालं नसतं. तुमची पाटी तर तिला वाचताही आली नसती.

सडेतोड_मास्तर

हे उदाहरण चांगलं आहे, नाकारत नाही. पण ती सोमाली मुलगी तुम्हाला मिळाली म्हणून झालं. मिळाली नसती तर?

कायदा_वाचणारा

‘फक्त इंग्रजी’चा प्रयोग मोठ्या प्रमाणावर होऊन गेलाय. कॅलिफोर्नियात १९९८ साली मतदानाने प्रस्ताव २२७ मंजूर झाला. साधारण एक वर्ष इंग्रजीत बुडवायचं आणि मग थेट नेहमीच्या वर्गात. २०१६ साली तिथल्याच मतदारांनी प्रस्ताव ५८ मंजूर करून तो फिरवला. त्याच्याही आधी, १९७४ साली, लाउ विरुद्ध निकल्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं होतं की सगळ्यांना तेच पुस्तक, तोच शिक्षक, तोच अभ्यासक्रम दिला म्हणजे समान वागणूक झाली असं नाही. भाषाच कळत नसेल तर शिक्षणाचं दार बंदच. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी बोलणाऱ्या सुमारे अठराशे मुलांना इंग्रजीसाठी कसलीच वेगळी मदत मिळत नव्हती, त्यावरून तो खटला.

सडेतोड_मास्तर

त्या निकालात मातृभाषेतून शिकवा असं कुठे म्हटलंय? मदत करा, एवढंच म्हटलंय. कशी करायची ते सांगितलेलं नाही. आणि मतदारांनी फिरवलं म्हणजे पद्धत चुकीची ठरत नाही. मतदारांनीच ती आणलीही होती.

कायदा_वाचणारा

पहिला मुद्दा बरोबर. न्यायालयाने पद्धत सांगितली नव्हती.

रात्रपाळी_परिचारिका

मी शिक्षिका नाही, पण तुमच्या शिकवण्याचं पुढे काय होतं ते आम्ही वॉर्डात बघतो, म्हणून लिहिते.

मुलं लवकर इंग्रजी शिकतात, आईवडील मागे राहतात. मग नऊ वर्षांची मुलगी दुभाषी होते. माझ्यासमोर घडलेलं सांगते. आई दारी बोलणारी, अफगाणिस्तानची. डॉक्टरांनी मुलीला सांगितलं, ‘आईला सांग, छातीत गाठ आहे, तिचा तुकडा काढून तपासणीला पाठवावा लागेल, घाबरू नका, पण पुढच्या आठवड्यात यायलाच हवं.’ मुलगी आईच्या तोंडाकडे बघत राहिली. मग दोनच शब्द बोलली. आई हसली, डॉक्टरांना हात जोडले. मला दारी येत नाही, पण एवढं मोठं वाक्य दोन शब्दांत बसत नाही हे मला कळत होतं. मी ‘फोनवरच्या दुभाष्याला बोलवू या’ म्हणाले. ‘वेळ नाही’ असं उत्तर मिळालं. पुढच्या आठवड्यात ती बाई आली नाही.

त्या मुलीचं इंग्रजी उत्तम होतं. तिच्या शिक्षकांना तिचा अभिमान असेल.

दोन_भाषांची_आई

अंगावर काटा आला. पण शाळाही तेच करतात. पालकसभेत मुलालाच विचारतात, ‘तुझ्याबद्दलची तक्रार आईला सांग.’ कोणतं मूल सांगेल?

मधला_बाक

थांबा. यात मुलाचं नुकसानच होतं असं नाही. ते मूल मीच होतो. आम्ही निर्वासित नव्हतो, पण लहानपणी परराज्यात राहायला गेलो तेव्हा आईला तिथल्या भाषेचा गंध नव्हता. बँक, घरमालक, डॉक्टर, सगळीकडे मी. मोठा झाल्यासारखं वाटायचं. घरात माझ्या शब्दाला किंमत आली. तो अभिमान माझ्याकडून हिसकावून घेऊ नका.

रात्रपाळी_परिचारिका

घरमालकाशी बोलणं वेगळं. डॉक्टरांसमोर काय काय बोलावं लागलं, ते आठवून सांगा.

मधला_बाक

आईचा गर्भपात झाला होता. ते मी सांगितलं होतं, डॉक्टरांना आणि मग आईला. अकरा वर्षांचा होतो. त्यासाठी मराठी शब्दही मला माहीत नव्हता. ‘बाळ येणार नाही’ असं म्हणालो होतो.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. माझा आधीचा प्रतिसाद तसाच राहू दे, पण तुमचं म्हणणं चूक नाही.

कायदा_वाचणारा

अमेरिकेत २०१६ च्या नियमांनी, सरकारी पैसा घेणाऱ्या आरोग्यसेवांना अल्पवयीन मुलावर दुभाष्या म्हणून विसंबायला मनाई केली. अपवाद एकच, जिवावरचा प्रसंग आणि दुभाष्या लगेच मिळत नसेल तर.

सडेतोड_मास्तर

नियम कागदावर. ती बाई रांगेत उभी असते तेव्हा तिला नियम माहीत नसतो, आणि माहीत असला तरी सांगायला शब्द नसतात. म्हणूनच मी म्हणतो, मोठ्यांना इंग्रजी लवकर आणि कसून शिकवा. मुलाच्या मानेवरचं जोखड उतरवायचा दुसरा उपाय नाही.

रात्रपाळी_परिचारिका

मास्तर, बायोप्सी समजण्याइतकं इंग्रजी तुमच्या आठवड्याच्या तीन तासांत किती वर्षांनी येईल? तोवर गाठ थांबणार आहे का? त्यांना एकच वाक्य शिकवा: ‘मला दारी दुभाष्या हवा, माझी मुलगी नको.’ इंग्रजीतलं हेच वाक्य पहिल्या तासाला.

खडूची_भुकटी

आणि ते वाक्य म्हणजे काय, असा आपला हक्क आहे, मागितलं तर कोणी रागावणार नाही, हे त्यांच्या भाषेत समजावून सांगितल्याशिवाय कोणी वापरणार नाही. ज्यांना आयुष्यभर कुठल्याही खिडकीवर हाकलूनच दिलंय ती माणसं हक्क मागत नाहीत.

रेघोटी

धागा भलतीकडे गेला, पण मला वाटतं बरोबर ठिकाणी गेला.

मास्तर, तुमच्या एरिट्रियाच्या विद्यार्थ्याचा प्रश्न मी टाळला होता, तो टाळण्यासारखा नाही. एकाच भाषेच्या टोळीने वर्ग गिळला तर एकट्यावर अन्याय होतो, हे खरं. पण त्याचा उपाय सगळ्यांना मुकं करणं नाही. वेल्समध्ये शिक्षणतज्ज्ञ केन विल्यम्स यांनी १९९४ मध्ये मांडलेली पद्धत साधी आहे: एका भाषेत वाचा, दुसरीत लिहा. मी पाच मिनिटं देते, ज्याने त्याने आपापल्या भाषेत, आपापल्या वहीत विचार मांडायचा. लिहिता येत नसेल तर फोनमध्ये बोलून ठेवायचा. मग जोड्या लावते, आणि जोडीत एका भाषेचे दोघं कधीच नाहीत. त्या पाच मिनिटांत तिग्रिन्यावालाही इतरांइतकाच भरलेला असतो. मला तिग्रिन्या यायची गरज पडत नाही. त्यांची लिपी तर आपल्या बाराखडीसारखीच आहे, मूळ अक्षर तेच आणि स्वरागणिक त्याचं रूप बदलतं. त्याला फळ्यावर एक ओळ लिहायला लावा आणि शेजारी तुम्ही क, का, कि, की लिहा. बघा तो कसा बोलायला लागतो.

सडेतोड_मास्तर

मातृभाषेत गप्पा मारायला मी अजूनही परवानगी देणार नाही. तीन तासांत मला ते परवडत नाही, आणि या बाबतीत माझं मत बदललेलं नाही.

पाच मिनिटांची वही करून बघतो. पाटी एक महिना उतरवतो, त्या जागी परिचारिकाबाईंचं वाक्य लावतो. दारी, अरबी, तिग्रिन्या, सोमाली, युक्रेनियन आणि कारेन अशा सहा भाषांत अर्थ हवा. चार मी विद्यार्थ्यांकडून लिहून घेईन. सोमालीवाल्याला आणि कारेन बाईंना लिहिता येत नाही. खडूताई, तुमची ती सोमाली मुलगी अजून संपर्कात आहे का?

खडूची_भुकटी

आहे. आज रात्री विचारते. कारेनचं कोणी ओळखीचं असेल तर इथेच लिहा.