गुणोत्तर, प्रमाण आणि व्यस्त : गणितातला अर्थ, बोलण्यातला अर्थ

विचारणा (पालक, राजारामपुरी)

मुलगी नववीला आहे. बीजगणितात 'गुणोत्तर व प्रमाण' असं प्रकरण आहे. घरात आम्ही हे दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरतो. वर्तमानपत्रातही कधी 'मुलींचं प्रमाण' असतं, कधी 'लिंग गुणोत्तर'. मग दोन शब्द कशासाठी? आणि 'व्यस्त प्रमाण' यातलं व्यस्त म्हणजे काय? मुलगी म्हणाली, 'बिझी'. मला तिला नीट सांगता आलं नाही.

उत्तर (निवृत्त गणित शिक्षक, कोल्हापूर)

ताई, प्रश्न फार चांगला विचारलात. वर्गात हा फरक घाईनं उरकला जातो आणि पुढे दहावीपर्यंत त्रास देतो.

गुणोत्तर म्हणजे एकाच जातीच्या दोन राशींची भागाकारानं केलेली तुलना. एक राशी दुसरीच्या किती पट, एवढंच ते सांगतं. म्हणून दोन्हींचं एकक आधी सारखं करायचं. ५० पैसे आणि ५ रुपये यांचं गुणोत्तर ५० : ५ नव्हे, ५० : ५०० म्हणजे १ : १०. प्रमाण ही त्यापुढची गोष्ट. दोन गुणोत्तरं समान असली की ते चार आकडे प्रमाणात आहेत असं म्हणतात. २ : ३ हे गुणोत्तर आहे. २ : ३ = ८ : १२ हे प्रमाण आहे. पहिली नुसती संख्या, दुसरं पूर्ण विधान, आणि विधान असल्यामुळेच ते खरं की खोटं हे तपासता येतं : २ × १२ आणि ३ × ८, दोन्हीकडे २४.

बोलताना मात्र 'प्रमाण' या शब्दावर फार ओझं आहे. 'मीठ प्रमाणात घाल' म्हणजे बेतानं घाल. 'प्रमाणपत्र' यात पुरावा. 'किलोला साठ रुपयांप्रमाणे' यात दर. आणि जुन्या गणितात तर याच शब्दाचा आणखी वेगळा अर्थ होता. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीत त्रैराशिक आहे. त्यात माहीत असलेल्या पहिल्या राशीला प्रमाण, तिच्यापासून मिळणाऱ्याला फल आणि विचारलेल्या राशीला इच्छा म्हणतात. ५ किलो गूळ ३०० रुपयांना, तर ८ किलोचे किती? प्रमाण ५, फल ३००, इच्छा ८. इच्छेनं फलाला गुणा, प्रमाणानं भागा : ४८० रुपये. आज आपण तेच ५ : ८ = ३०० : क्ष असं मांडतो. रीत तीच राहिली, शब्दाचा अर्थ सरकला. 'इच्छा' हा शब्द पाठ्यपुस्तकांतून गेला याचं मला आजही वाईट वाटतं, कारण काय काढायचं आहे हे मुलाला त्या एका शब्दातच कळत असे.

आता व्यस्त. मूळ संस्कृतात याचा अर्थ विस्कटलेला, उलटा. कामात गुंतलेला हा अर्थ हिंदीच्या संगतीनं आपल्याकडे रुळला. गणितातलं व्यस्त म्हणजे उलट, एवढंच मुलीला सांगा. १० गडी ६ दिवसांत भांगलण करतात, तर १५ गड्यांना ४ दिवस लागतील. गडी दीडपट झाले, दिवस भागिले दीड झाले, गुणाकार दोन्ही वेळा ६०. हा गुणाकार कायम राहिला तरच व्यस्त प्रमाण. एक वाढलं आणि दुसरं कमी झालं एवढ्यावर 'व्यस्त प्रमाण' लिहिणं चूक आहे, आणि बातम्यांत ती चूक सतत दिसते.

बांधकामातले एक

सर, आमच्यात गुणोत्तर कोण म्हणत न्हाई. 'एकास चार माल कालव', 'एकास सहा कालव' असंच म्हणतोय. एक घमेलं सिमेंट, चार घमेली वाळू. ही पुस्तकातलीच गोष्ट न्हवं का?

उत्तर (शिक्षक)

तीच, दादा. 'एकास चार' हे १ : ४ चं सगळ्यात चांगलं मराठी वाचन आहे, वर्गातही असंच वाचावं. फक्त एक सांभाळायचं. एकास चार मालात सिमेंट चौथा हिस्सा नसतं. सुक्या मालाचे एकूण वाटे पाच, म्हणून सिमेंट एक पंचमांश. गुणोत्तर वाट्याची तुलना वाट्याशी करतं, अपूर्णांक वाट्याची तुलना एकूणाशी. दोन भावांत १५ एकर ३ : २ नं वाटायची तर आधी ३ + २ = ५, मग एकाला ९ एकर, दुसऱ्याला ६. ही बेरीज न करता १५ चे तीन द्वितीयांश काढणारी मुलं दरवर्षी भेटत. त्यांना मी 'वाटे किती?' एवढंच विचारी. गावाकडच्या पोरांना लगेच उमगे.

पालक

भूमितीतलं 'समरूप' आणि 'एकरूप' हेही सांगाल का? मला दोन्ही एकच वाटतात.

उत्तर (शिक्षक)

बोलण्यात एकरूप म्हणजे मिसळून गेलेलं. भूमितीत एकरूप म्हणजे एकावर एक ठेवले तर तंतोतंत जुळणारे आकार. समरूप म्हणजे कोन तेच, बाजू एकाच पटीत लहानमोठ्या. १ मीटर काठीची सावली दीड मीटर पडते आणि त्याच वेळी दिव्याच्या खांबाची ९ मीटर, तर खांब ६ मीटर. दोन्ही त्रिकोण समरूप, म्हणून बाजू प्रमाणात.

पण क्षेत्रफळ बाजूच्या प्रमाणात नसतं. आपल्याकडे जमिनीचा व्यवहार करणाऱ्याला हे कळलंच पाहिजे. ३३ फूट बाजूचा चौरस म्हणजे १ गुंठा. बाजू दुप्पट केली, ६६ फूट, तर २ गुंठे नव्हे, ४ गुंठे. समरूप आकृत्यांच्या बाजू २ : ३ असतील तर क्षेत्रफळं ४ : ९. 'दोन्ही वाढतात' म्हणून समप्रमाण ठरत नाही. एक दुप्पट झालं की दुसरंही बरोबर दुप्पट व्हायला हवं. किमान भाडं असलेल्या रिक्षाचंही अंतर आणि भाडं म्हणूनच समप्रमाणात नसतं.

पालक

शेवटचं, 'योग-वियोग क्रिया'. नाव ऐकूनच ती घाबरते.

उत्तर (शिक्षक)

योग म्हणजे बेरीज, वियोग म्हणजे वजाबाकी. अ : ब = क : ड असेल तर (अ + ब) : (अ − ब) = (क + ड) : (क − ड). ब आणि ड शून्य नकोत, आणि अ व ब वेगळे हवेत. तिला हे सोडवायला द्या : (क्ष + य) : (क्ष − य) = ७ : ३. योग-वियोग केलं की डावीकडे २क्ष : २य उरतं, उजवीकडे १० : ४. म्हणजे क्ष : य = ५ : २. मग ५ आणि २ मूळ गणितात घालून तिलाच पडताळू द्या : बेरीज ७, वजाबाकी ३.