डाळिंबावरचा पतंग नॉक्ट्युइडी नाही

एकाने सटाण्याच्या डाळिंबबागेतला नारिंगी पंखांचा पतंग 'नॉक्ट्युइडी' या पतंगांच्या कुळातला म्हणून सांगितलाय. प्रजाती (जीनस) युडोसिमा, हे बरोबर. मागच्या पंखावर गोल काळा ठिपका आहे, म्हणजे त्यातली मटेर्ना ही जातच. फॅलोनिया या त्याच प्रजातीतल्या दुसऱ्या जातीचा डाग वाकडा असतो. पण कुळ जुन्या पुस्तकातलं झालं, आता ही मंडळी एरेबिडी कुळात. मागच्या पंखातल्या शिरा बघा: क्युबिटल या पंखातल्या एका मुख्य शिरेला चार फाटे दिसतात, खऱ्या नॉक्ट्युइडीत बहुधा तीनच. (प्लुसिया हा पतंगांचा गट मात्र चार फाटे असूनही नॉक्ट्युइडीतच, तिथे मीही फसलोय.)

आणि अळी डाळिंबावर शोधू नका. ती बांधावरच्या गुळवेलीवर, वसनवेलीवर वाढते. फळाला भोक पाडतो तो रात्री येणारा पतंग. आमच्या नाशिककडे कुंपणावर गुळवेल काय कमी आहे!