मदत हवी आहे: अँटिबॉडी लावली की नॅनोपार्टिकल्सचे गोळे!!

गाळवाला: लोकहो तीन आठवडे झाले, डोकं पिकलंय. मॅग्नेटिक नॅनोपार्टिकल्स केले, त्यावर सीआरपीची (सूज आली की रक्तात वाढणारं प्रोटीन) अँटिबॉडी लावायचीय, पण ईडीसी-एनएचएस (जोडणी करणारी रसायनं) घातलं की अर्ध्या तासात सगळं तळाला. चुंबक काढून हलवलं तरी चहाच्या चोथ्यासारखं बसून राहतं. गुरुवारी गाइडना दाखवायचंय, लवकर सांगा.

अर्धवट_केमिस्ट: कोटिंग कसलं? बफर? पीएच? की पत्रिका बघून सांगू?

गाळवाला: नेहमीचंच हो. लोखंडाचे फेरिक-फेरस क्षार २:१, अमोनिया, वरून सिट्रिक अ‍ॅसिड. बफर पीबीएस, फॉस्फेट आणि मीठवालं.

बेंचवाली: पीबीएसमध्ये ईडीसी?? अरे त्यातल्या मिठाने कणांवरच्या सिट्रेटचा ऋण भार झाकला जातो, कण एकमेकांना ढकलेनासे होतात आणि चिकटतात. वर फॉस्फेट लोहाला धरून सिट्रेटलाच हुसकावतं. फॉस्फेट नसलेलं एमईएस बफर घे, पीएच ५.५ च्या आसपास, आणि ईडीसी आयत्या वेळी विरघळव.

अर्धवट_केमिस्ट: एमईएसनेही भागणार नाही. सिट्रेटच्या ज्या कार्बॉक्सिल गटांच्या जोरावर कण तरंगतायत तेच तुम्ही ईडीसीला देऊन बसलात. आधी सिलिका नाहीतर डेक्स्ट्रान चढवा.

बेंचवाली: माझे सिट्रेटवाले चालले होते.

अर्धवट_केमिस्ट: किती दिवस?

नाना_लॅबवाले: घरचं दळण कशाला? सरळ डायनाबीड्स (तयार मिळणारे चुंबकी मणी) घ्या. नॉर्वेच्या ऊगेलस्टाडने १९७० च्या दशकात एकसारखे पॉलिमरचे मणी केले, त्यातूनच ते आले.

गाळवाला: नाना, फेलोशिप सहा महिने अडकलीय, एक बाटली म्हणजे माझं घरभाडं. आणि ते २.८ मायक्रॉनचे, मला नॅनो हवेत.

पुणेकर_७७: आमच्या काकूला एमआरआयच्या आधी लोखंडाचं इंजेक्शन दिलेलं, ते हेच का?

बेंचवाली: गाळवाला, सिंथेसिसनंतर कण ठेवतोस कशात?

गाळवाला: पावडर करून. ८० डिग्रीला रात्रभर ओव्हनमध्ये, मग लागेल तसं सॉनिकेट, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्यात मोकळं.

अर्धवट_केमिस्ट: हे पहिल्या ओळीत सांगायचं ना राव! वाळले की कण कायमचे जुळतात, सॉनिकेटर काय करणार कप्पाळ. पुढच्या वेळी चुंबकावर धुवून पाण्यातच ठेवा. काळ्याचा रंग तपकिरी झाला असेल तर ऑक्सिडेशनही झालंय, नायट्रोजन सोडत जा.

बेंचवाली: आणि अँटिबॉडीच्या बाटलीचं लेबल वाच.

गाळवाला: ... बारीक अक्षरात ट्रिस (बफर), बीएसए (गायीच्या रक्तातलं प्रोटीन), अझाइड (टिकवण्यासाठी).

बेंचवाली: म्हणजे कणांना बीएसए आणि ट्रिसच चिकटले, अँटिबॉडी बाहेर उभी. आधी बफर बदल, आणि बीएसए नसलेली बाटली माग.

गाळवाला: गुरुवारचं काय मग?

पुणेकर_७७: आणि काकूचं?