सुट्टी झाली, ध्यान झालं, तरी थकवा तसाच. चुकतंय कुठे?

अर्धी_खिडकी:
ग्राहक सेवेत अकरावं वर्ष, त्यातली शेवटची तीन टीम लीड म्हणून. दोन आठवड्यांपूर्वी एक मेल आला. वडील वारलेत, त्यांचं खातं बंद करायचंय, कागद कोणते लागतील? मी ठरलेलं उत्तर चिकटवलं, यादी जोडली, पाठवून दिलं. खाली आपोआप जाणारी ओळ होतीच, 'आपला दिवस आनंदात जावो'. समोरून उत्तर आलं, 'धन्यवाद'. एवढंच. ते वाचून मला काही म्हणता काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं हे कळत होतं, आणि त्याचीच भीती वाटली.

बरं, स्वतःकडे लक्ष देत नाही असंही नाही. दहा दिवस सुट्टी घेतली. सकाळी चालते, रात्री ध्यानाचं ॲप लावते. ॲपवर ४१ दिवसांची साखळी झालीय. ती तुटू नये म्हणून परवा रात्री साडेअकराला, डोळे मिटत असताना, उठून बसले आणि ध्यान उरकलं. (आत्ता लिहिताना हसू येतंय, तेव्हा आलं नव्हतं.) सुट्टीचा ताजेपणा परतल्यावर दुसऱ्या दिवशीच्या जेवणापर्यंत टिकला. माझं नेमकं चुकतंय काय?

घाईत_असतो:
नोकरी बदला. मी बदलली, सुटलो.

जुना_खिळा:
घाईत_असतो, तुम्ही सुटलात ते छान. पण कशामुळे पिचलो हे न कळता बदलली, तर नव्या खुर्चीतही तेच. माझं तसं झालंय, म्हणून सांगतो.

ताई, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची जी व्याख्या दिली, तिच्यात तीन गोष्टी आहेत. अंगातलं त्राण संपणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. कारण म्हणून कामाच्या जागचा, नीट न हाताळलेला, सततचा ताण धरलाय. तुमचा मेलचा प्रसंग सरळ दुसऱ्या गोष्टीत बसतो. चालण्याने, सुट्टीने पहिलीला थोडा उतार पडतो. दुसरीला ते कसं पुरणार? आणि ती साखळी म्हणजे तर ऑफिस सुटल्यावरचं अजून एक टार्गेट!

मला क्रिस्टिना मास्लाक आणि मायकल लायटर या मानसशास्त्रज्ञांची विभागणी कामी आली. माणूस आणि काम यांचं कुठे बिनसतं हे ते सहा ठिकाणी बघतात: कामाचा भार, हातातला अधिकार, कष्टांची दखल, सोबतची माणसं, न्याय आणि मूल्यं. मी छातीठोकपणे सांगायचो की माझा प्रश्न भाराचा आहे. कागद घेऊन बसलो तर निघालं भलतंच. भार झेपत होता. पण पैसे परत करायला मंजुरी वरून यायची आणि तोवरच्या शिव्या मी खायच्या. मग तीन आठवडे एक वही ठेवली. जिथे जिथे विचारायला थांबावं लागलं, तिथे एक रेघ. बहुतेक रकमा किरकोळ होत्या. वही साहेबांसमोर ठेवली. 'मला ताण येतोय' असं आधी दोनदा म्हणून झालं होतं, तेव्हा सहानुभूती मिळाली होती. वही बघून एका मर्यादेपर्यंतची मंजुरी माझ्याकडे आली. तास तेच, पगार तोच, पण संध्याकाळी घरी येऊन चिडणं बरंच उतरलं.

तिसरी_पाळी:
मी नर्स आहे, त्यामुळे आधी रुक्ष प्रश्न. हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासलंय का? थकवा तिथूनही येतो. दुसरं, काही न वाटणं फक्त कामापुरतं आहे की आवडत्या माणसांत, छंदातही? तिथेही दोन आठवड्यांच्या वर रस गेला असेल तर डॉक्टरांना दाखवाच, ते नैराश्य असू शकतं. इथल्या सल्ल्यांवर थांबू नका.

झोपेसाठी एक बारकी गोष्ट. २०१८ च्या एका प्रयोगात ५७ जणांना झोपण्याआधी ५ मिनिटं लिहायला बसवलं होतं. काहींनी पुढची कामं लिहिली, काहींनी उरकलेली. पुढची लिहिणाऱ्यांना सरासरी ९ मिनिटं लवकर झोप लागली. मी पाळी संपताना अर्धवट राहिलेलं चिठ्ठीवर उतरवते आणि चिठ्ठी लॉकरमध्ये ठेवून येते. घरी आणायची नाही, हा माझा हट्ट.

अर्धी_खिडकी:
सगळ्यांचे आभार. हिमोग्लोबिन थोडं कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्यात. बाकी घरी भाचा आला की खळखळून हसते, म्हणजे ते दार अजून उघडं आहे.

जुना_खिळा, तुमच्यासारखी वही महिनाभर ठेवली. माझ्याकडे सगळ्यात चिडलेले आणि सगळ्यात दुःखी असेच मेल येतात, कारण लीड झाल्यापासून बाकीचे साधे मेल टीम उरकते. एखाद्याचा पासवर्ड चालू करून दिला आणि तो खूश झाला, हे मी तीन वर्षांत अनुभवलेलंच नाही! आता रोज सकाळचा एक तास साधी रांग घेते, आणि मृत्यूचे मेल आम्ही तिघीजणी पाळीने बघतो. साखळी ४३ व्या दिवशी तोडली.

त्या मेलमधून 'आनंदात जावो' काढायची विनंती टाकलीय, ती आठ दिवस 'विचाराधीन' आहे. तोवर दर वेळी हाताने खोडते.